वाट दाखवणाऱ्याला गोळी

१९६९ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ‘ईझी रायडर’ नावाचा सिनेमा लागला. उंच हँडलच्या, चकचकीत मोटारसायकलींवरून दोन तरुण लॉस एंजेलिसहून न्यू ऑर्लिन्सच्या जत्रेला निघतात. रात्री रानात शेकोटी पेटवून झोपतात, कुणाच्या शेतावर थांबतात, कुणाच्या पंगतीला बसतात. एका गावात चालू मिरवणुकीत विनापरवाना घुसल्याबद्दल कोठडीत जातात. शेवटी लुईझियानातल्या एका साध्या रस्त्यावर पिकअप ट्रकमधून चाललेली दोन माणसं त्यांना गोळ्या घालतात. आधीचं भांडण नाही, वैर नाही, ओळखसुद्धा नाही. केस वाढवलेले दोघे मोकळे फिरताहेत, एवढंच निमित्त.

खोपोलीहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकचा वेग कमी होतो, क्लीनर खिडकीतून हात काढून नाणं टाकतो, ड्रायव्हर कपाळाला हात लावतो आणि पुन्हा गिअर बदलतो. एसटीतल्या बायका बसल्या जागेवरून हात जोडतात. हा देव कुठल्या पुराणातला नव्हे. तो इथला धनगर होता. घाटाखालची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याची गोष्ट सांगत आली आहेत. इंग्रज साहेबाला कोकणातून देशावर जायची वाट काढायची होती आणि डोंगर काही दाद देत नव्हता. दुर्बिणी झाल्या, नकाशे झाले, साखळ्या टाकून मोजमापं झाली. शिंग्रोबा मात्र रोज आपली जनावरं घेऊन त्याच डोंगरातून वर-खाली करत होता. साहेबाने त्याला विचारलं, त्याने वाट दाखवली. काम फत्ते झाल्यावर साहेब खूश होऊन म्हणाला, काय हवं ते माग. धनगराने जमीन मागितली नाही, पैसा मागितला नाही. आमचा मुलूख सोडा, आम्हाला स्वातंत्र्य द्या, असं तो म्हणाला. साहेबाने त्याला गोळी घातली.

कुणी ही गोष्ट गाडीरस्त्याच्या वेळची म्हणून सांगतो, कुणी रेल्वेच्या वेळची. दप्तरातला कागद म्हणून ती मांडता येणार नाही. पण एका मुलखाने आपल्या रस्त्याची आठवण कशा रूपात जपली, याचा तो पक्का पुरावा आहे. सर्वेक्षण, कंत्राट, उद्‌घाटन असं काही या आठवणीत नाही. तिच्यात वाट दाखवणारा एक माणूस आहे, त्याने केलेली मागणी आहे आणि त्याला लागलेली गोळी आहे.

‘ईझी रायडर’ची गोष्टही तीनच शब्दांत सांगता येते: रस्ता, स्वातंत्र्य, गोळी. म्हणून घाटाखालच्या कर्जत-खालापूर तालुक्यांचा इतिहास या सिनेमाच्या शेजारी ठेवून वाचावासा वाटतो. रस्त्यावर स्वातंत्र्य सापडतं असं तो सिनेमा मानून निघतो. आमच्या घाटाला त्याबद्दल बरंच काही ठाऊक आहे.

ही वाट इंग्रजांनी शोधली, असं शाळेच्या पुस्तकापासून रेल्वेच्या पुस्तिकेपर्यंत सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरं नाही. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतला माल सातवाहनांच्या काळात याच डोंगररांगेतून देशावर चढत होता. घाटमाथ्याला कार्ले आणि भाजे, पायथ्याला कोंदिवड्याजवळची कोंडाणे लेणी. व्यापारी आणि भिक्षू यांच्या येण्या-जाण्याशिवाय ही लेणी इथे खोदली गेली नसती. राजमाचीच्या पायथ्याशी, कर्जत तालुक्यातल्या झाडीत असलेल्या कोंडाण्याच्या लेण्यात ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे. कान्हाच्या बलक नावाच्या शिष्याने हे काम केलं, असं ती सांगते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचं नाव या खोऱ्यात दगडावर टिकून आहे. पुढे याच डोंगरात कितीतरी मोठी कामं झाली, पण ती करणाऱ्या हातांना असं नाव मिळालं नाही.

डोंगरातली वाट ज्याला माहीत, त्याच्या हाती सत्ता. २ फेब्रुवारी १६६१ रोजी खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ उंबरखिंडीत हे सिद्ध झालं. मुघल सुभेदार शाहिस्तेखानाने कारतलबखान या सरदाराला कोकण जिंकायला धाडलं. बोरघाट टाळून खान मोठी फौज घेऊन कुरवंड्याच्या वाटेने खाली उतरला. बरोबर रायबागन ही मुघलांची स्त्री सरदार होती. खाली दाट रान, दोन्ही बाजूंना डोंगर, मधे एका वेळी मोजकी माणसं जातील एवढी चिंचोळी वाट. फौज पुरती आत शिरेपर्यंत रानातून एक बाण सुटला नाही. मग पुढचं तोंड बंद झालं, मागचंही बंद झालं, आणि वरून दगड नि बाण कोसळू लागले. पाण्याविना माणसं आणि घोडी कासावीस झाली. शेवटी रायबागनने खानाला शरण जायचा सल्ला दिला. खंडणी भरून आणि सामानसुमान तिथेच टाकून खान जीव घेऊन परतला. शिवाजी महाराजांकडे खानापेक्षा माणसं कितीतरी कमी होती. डोंगर मात्र त्यांच्या बाजूने होता, कारण डोंगरातली माणसं त्यांच्या बाजूने होती.

इंग्रजांनी हा धडा उशिरा आणि महाग किमतीत घेतला. १७७८ च्या अखेरीस मुंबईहून निघालेली त्यांची फौज बोरघाट चढून वर आली. १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट पडला, मराठे ज्याला इष्टुर फाकडा म्हणत. पुढे वडगावला कोंडी झाली आणि नामुष्कीचा तह करून साहेबाला मागे फिरावं लागलं. तोफा घाटाने वर न्यायच्या तर घाट आपल्या मुठीत हवा, हे त्यांना तेव्हा कळलं. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. बारा वर्षांनी, १० नोव्हेंबर १८३० रोजी, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. तोवर पालख्या, तट्टं आणि वंजाऱ्यांचे बैल यांच्यावर चालणारी वाहतूक चाकांवर आली. रस्त्याबरोबर टोलही आला.

मग आली आगगाडी. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत पोचले. तेव्हाच्या कागदांत खोपोलीला कॅम्पुली म्हणत. १८५८ मध्ये वरची गाडी खंडाळा ते पुणे धावू लागली. मधला डोंगर तेवढा राहिला. मुंबईकर खोपोलीला उतरायचा, पालखीत नाहीतर तट्टावर बसून खंडाळा गाठायचा आणि तिथे दुसऱ्या गाडीत चढायचा. तो मधला तुकडा जोडण्यासाठी जेम्स बर्कली या अभियंत्याने आखणी केली. कर्जतहून पळसदरीमार्गे वर जायचं, पंचवीस बोगदे खणायचे, आणि सलग वळण घेता येत नाही तिथे डोंगराच्या कडेवर एक सपाट फलाट करून गाडीची दिशाच उलटी करायची. गाडी त्या जागी यायची, इंजिन पुढून सुटून मागे लागायचं आणि सगळी गाडी उलट्या तोंडाने वर चढायची. काही ठिकाणी चढ इतका तिखट की सदतीस फुटांमागे एक फूट उंची गाठावी लागते. आजही कर्जतला वर जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात आणि तेवढ्या वेळात प्रवासी बटाटेवडे घेतात, ते या चढापायीच.

हे काम ज्यांनी केलं ते इथले आणि आसपासच्या जिल्ह्यांतले मजूर होते. १८६१ च्या सुमाराला त्यांची संख्या ४२,००० पर्यंत गेली होती. उभ्या कड्यावरून दोराला बांधून माणसं खाली सोडायची, त्यांनी लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडायची, बत्ती द्यायची आणि वरच्यांनी दोर ओढायचा. पटकी, हिवताप, दरडी आणि सुरुंग यांनी हजारोंचा बळी घेतला. १८५९ च्या सुरुवातीला मजुरी थकली म्हणून मजुरांचा उद्रेक झाला. कंत्राटदार फॅविएल काम सोडून गेला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे पोचल्यावर काही दिवसांतच आजारी पडून वारला आणि त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट हाती घेऊन तडीला नेलं. ॲलिसच्या धडाडीचं कौतुक केलंच पाहिजे. पण बर्कली, फॅविएल, ट्रेडवेल ही नावं आपल्याला पाठ होतात आणि दोराला लोंबकळलेल्या एकाही माणसाचं नाव आपल्यापाशी नसतं, हे बोचतं. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी हा रेल्वेघाट खुला केला.

मजुरांचा उद्रेक झाला त्याच १८५९ मध्ये लंडनला जॉन स्टुअर्ट मिलचं स्वातंत्र्यावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. जगभर उदारमतवाद्यांनी ते डोक्यावर घेतलं. आपल्याकडच्या सुधारकांनीही ते मनापासून वाचलं आणि त्यातून बळ घेतलं. पण मिलने आयुष्यातली तीसहून अधिक वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरी केली होती, आणि त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्याने एक अट घालून ठेवली आहे: हे स्वातंत्र्य पुढारलेल्या समाजांसाठी, मागासलेल्या लोकांवर त्यांच्या सुधारणेसाठी निरंकुश सत्ता चालवली तरी ते रास्त. माणसाच्या स्वातंत्र्यावरचं एवढं थोर पुस्तक छापलं जात होतं, त्या वर्षी बोरघाटातला मजूर स्वतःच्या घामाची मजुरी मागत होता. शिंग्रोबाची गोष्ट या वास्तवातून आली आहे. स्वातंत्र्यावर पुस्तकं लिहिणाऱ्या राष्ट्राकडे एक धनगर सरळ उभा राहून ते मागतो, आणि उत्तर म्हणून बंदूक निघते.

आता सिनेमाकडे वळू. डेनिस हॉपरने तो दिग्दर्शित केला आणि बिलीची भूमिका केली. पीटर फोंडाने निर्मिती केली आणि वायट, म्हणजे कॅप्टन अमेरिका, ही भूमिका केली. चार लाख डॉलरांच्या आसपास खर्चात झालेल्या या सिनेमाने कोट्यवधी डॉलर मिळवले आणि कान महोत्सवात पहिल्या कलाकृतीसाठीचं पारितोषिक घेतलं. अमेरिका तेव्हा व्हिएतनाममध्ये रुतली होती. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला होता. तरुणांना बापाची नोकरी, बापाचं घर, बापाचं युद्ध, काहीच नको होतं. प्रवास सुरू करण्यापूर्वी वायट मनगटावरचं घड्याळ काढून रस्त्याच्या कडेला फेकतो आणि किक मारतो. या पिढीला ते दृश्य का भिडलं, हे कर्जतच्या माणसाला सहज समजेल. ज्याचं अख्खं आयुष्य ठरलेल्या लोकलवर बांधलेलं आहे, त्याला घड्याळ फेकणं ही किती मोठी चैन आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

पण सिनेमा नीट पाहिला तर तो या चैनीची किंमतही लपवत नाही. दोघांचा प्रवास चालतो तो मेक्सिकोतून आणलेलं कोकेन विकून मिळालेल्या पैशावर. ते पैसे नळीत गुंडाळून अमेरिकन झेंडा रंगवलेल्या पेट्रोलच्या टाकीत दडवलेले असतात. सुरुवातीला वायटची गाडी पंक्चर होते आणि ते एका शेतकऱ्याच्या गोठ्यात टायर दुरुस्त करायला थांबतात. एकीकडे मोटारसायकलीचं चाक खोललेलं, आणि त्याच चौकटीत शेतकरी घोड्याला नाल ठोकतोय. मग पोराबाळांनी भरलेल्या त्या घरात ते जेवतात. वायट त्या शेतकऱ्याला मनापासून सांगतो की तू आपल्या जमिनीवर आपल्या मर्जीने जगतोस, हे अभिमानाचं आहे. दहा मिनिटांत तो ते घर मागे टाकून निघून जातो. स्वातंत्र्य कुठे आहे ते त्याला दिसतं, पण तिथे थांबता येत नाही. पुढे शहरातून पळून आलेल्या पोरापोरींची वसाहत लागते. रेताड, कोरड्या जमिनीत ती पोरं बी फेकताहेत. बिलीला वाटतं, इथे काही उगवणार नाही. आमच्याकडच्या ठाकूर आदिवासींच्या वाडीतल्या कुणालाही हे दृश्य पाहून हसू येणार नाही. वरी-नाचणीचं बी कुठल्या उतारावर धरतं आणि कुठल्या नाही, हे शिकायला पिढ्या लागतात. जमिनीशी इमान राखल्याशिवाय ती कुणाला मोकळं करत नाही.

सिनेमाचा खरा विचार सांगतो तो जॉर्ज हॅन्सन. जॅक निकलसनने केलेला हा दारुडा वकील दोघांना कोठडीतून सोडवतो आणि त्यांच्याबरोबर निघतो. एका रात्री शेकोटीपाशी तो म्हणतो, त्याचा मतलब असा: लोक तुम्हाला घाबरत नाहीत, तुमच्यात त्यांना जे दिसतं त्याला घाबरतात. स्वातंत्र्यावर बोलणं वेगळं आणि स्वतंत्र असणं वेगळं. बाजारात विकल्या जाणाऱ्या माणसाला तू स्वतंत्र नाहीस असं सांगून पाहा, तो स्वतंत्र आहे हे सिद्ध करायला माणसं मारत सुटेल. त्याच रात्री गावकरी येऊन झोपेत त्याला ठेचून मारतात. शिंग्रोबाच्या गोष्टीतल्या साहेबाने बंदूक का उचलली, याचं यापेक्षा नेमकं स्पष्टीकरण मला कुठे मिळालेलं नाही.

मात्र इथेच दोन वाटा फुटतात. वायट आणि बिली स्वातंत्र्य शोधतात ते सगळ्यांपासून दूर जाऊन. त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं नाही, कुणासाठीही काही मागितलेलं नाही. न्यू ऑर्लिन्सनंतर बिली पैसे मिळाले, आपण जिंकलो म्हणून खूश असतो. वायट मात्र शांतपणे सांगतो की सगळं हातातून घालवलं. सिनेमाचा हा प्रामाणिकपणा मला त्याच्या मोटारसायकलींपेक्षा मोठा वाटतो. शिंग्रोबाला दूर कुठे जायचंच नव्हतं. डोंगर त्याचा होता, जनावरं तिथे चरत होती. त्याने जे मागितलं ते सगळ्या मुलखासाठी मागितलं.

मोटारसायकलींवरून आठवलं. जगभर गाजलेल्या त्या गाड्या लॉस एंजेलिसच्या बेन हार्डी या कृष्णवर्णीय कारागिराने, क्लिफ व्हॉज या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याबरोबर काम करून घडवल्या. व्हॉज नागरी हक्कांच्या चळवळीतला माणूस. स्वातंत्र्यावरच्या या सिनेमात त्या दोघांना श्रेय मिळालं नाही. कित्येक वर्षांनी लोकांना त्यांची नावं कळली. वाट दाखवणारा आणि वाहन घडवणारा, दोघांची गत अशी एकच.

कर्जत तालुक्यात शिंग्रोबाची ही मागणी पुढे कुणी नेली ते सांगायला हवं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळ्यांचे भाई कोतवाल, १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका नाभिक कुटुंबात जन्मले. माथेरान म्हणजे साहेबाची थंड हवेची जागा. हातरिक्षा ओढणारे, ओझी वाहणारे, घोडी धरणारे सगळे खालच्या वाड्यांतले. गरिबीतून शिकत भाई वकील झाले. त्यांना मुंबईत वकिली थाटता आली असती. ते माथेरानला परतले, नगरपालिकेत निवडून गेले आणि उपाध्यक्ष झाले. खाली उतरून ठाकूर, कातकरी आणि कुळांमध्ये काम सुरू केलं. पावसाळ्याच्या तोंडी घरातलं धान्य संपायचं, सावकाराकडून उचल घ्यावी लागायची आणि सुगीला दीडपट-दुप्पट फेडावी लागायची. भाईंनी धान्यकोठ्या उभ्या केल्या. गावाने सुगीत धान्य ठेवायचं, अडल्यानडल्याने तिथूनच उचलायचं. वाड्यांवर शाळा काढल्या. कोर्टात कुळांच्या बाजूने उभे राहिले. ज्याच्या घरात पेरायला बी नाही त्याच्यापुढे स्वातंत्र्याचं भाषण करून उपयोग नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक देऊन पुढारी तुरुंगात गेले आणि भाई भूमिगत झाले. पन्नासेक शेतकरी, आदिवासी आणि शिक्षक तरुणांचा आझाद दस्ता उभा राहिला. आता या तालुक्याचा भूगोल पुन्हा कामाला आला. घाटावर लोणावळा-वळवणला पाणी अडवून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीजघर सुरू केलं होतं. १९२२ मध्ये कर्जतजवळ भिवपुरीचं वीजघर आलं. या डोंगरांवर पडलेल्या पावसाची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जात होती. ज्या शेतांवरून तारा जात, त्या शेतांतल्या घरात मात्र रॉकेलची चिमणी. दस्त्याने त्या विजेच्या मनोऱ्यांवर घाव घातला. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत एकामागून एक मनोरे कोसळले. युद्धकाळात गिरण्यांची आणि रेल्वेची वीज तुटणं सरकारला परवडणारं नव्हतं. भाईंच्या डोक्यावर बक्षीस लागलं. रानातल्या वाड्या त्यांना भाकरी पोचवत राहिल्या.

शेवटी फितुरी झाली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाडच्या बाजूला सिद्धगडाच्या रानात हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने दस्त्याला गाठलं. मानिवलीचे हिराजी पाटील गोळी लागून पडले. भाईंच्या मांडीत गोळी लागली. ते जखमी, उठता येत नव्हतं, तरी हॉलने जवळ येऊन त्यांना गोळी घातली. भाई तीस वर्षांचे होते. हिराजींचे वडील गोमाजी पाटीलही याच लढ्यातले होते. सिद्धगडाला दर वर्षी २ जानेवारीला कर्जत-मुरबाडची माणसं जमतात. २०२० मध्ये भाईंवर मराठी सिनेमाही आला.

‘ईझी रायडर’ अमेरिकेत गाजत होता तेव्हा महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला मोटारसायकल तर सोडाच, स्कूटरही मिळत नव्हती. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातली चेतक १९७२ मध्ये बाजारात आली आणि नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबले. कधी कधी ही प्रतीक्षा दहा वर्षांवर जाई. मुलगी शाळेत असताना नोंदवलेली स्कूटर तिच्या लग्नात जावयाला दिली, अशी घरं होती. दुसरीकडे १९७४ मध्ये आचार्य रजनीश मुंबई सोडून पुण्याला कोरेगाव पार्कात आले आणि पश्चिमेकडचे तरुण-तरुणी भगव्या कफन्या घालून डेक्कन क्वीनने बोरघाट चढू लागले. अमेरिकेत रस्त्यावर जे सापडलं नाही ते शोधायला त्यातली काही मंडळी इथवर आली असतील. त्यांच्याबद्दल मला राग नाही. पण गाडीच्या खिडकीतून त्यांना दिसलेल्या डोंगरात ज्यांनी स्वातंत्र्य मागून जीव दिला, त्यांच्याबद्दल त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि आपणही आपल्या मुलांना पुरेसं सांगितलं नाही.

रस्ते वाढत गेले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा झाला, साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, सहापदरी, खालापूरला टोलनाका. त्यासाठी खालापूरच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. या मार्गावर पायी चालणाऱ्याला, बैलगाडीला, रिक्षाला आणि दुचाकीला मनाई आहे. वेग आणि अपघात पाहता ती समजण्यासारखीही आहे. पण तिचा अर्थ असा होतो की खालापूरच्या माणसाचं रोजचं वाहन खालापुरातून जाणाऱ्या सर्वांत मोठ्या रस्त्यावर चढू शकत नाही. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची पोरं बुलेटी घेऊन निघतात, तीही जुन्या रस्त्याने, शिंग्रोबाला वळसा घालून. घाटातला अमृतांजन पूल, माल्कमच्या काळातला, एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी असताना पाडला गेला. शिंग्रोबा आहे तिथेच आहे.

आणि त्याच द्रुतगती मार्गापासून फार लांब नाही अशी इर्शाळवाडी होती. चौकजवळ, इर्शाळगडाच्या कुशीत वसलेली ठाकरांची वाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. चिखलातून, धुक्यातून बचावपथकं पायी वर चढली. जेसीबी, पोकलेन पायथ्याशी उभे राहिले, कारण वर न्यायला वाटच नव्हती. माणसांनी फावड्यांनी आणि हातांनी माती उपसली. चार दिवसांनी शोध थांबवला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडली नाहीत. इंग्रजांनी १८६३ मध्ये जिथे आगगाडी चढवली, जिथे आपण सहापदरी रस्ता आणि बोगदे केले, त्याच तालुक्यात एका ठाकूरवाडीपर्यंत साधी जीप जाईल एवढी सडक एकशे साठ वर्षांत झाली नाही.

‘ईझी रायडर’ पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या दारात रस्ता आधीपासून होता. त्याला तो सोडून कुठेतरी जायचं होतं. इथल्या वाड्यांना अजून दारापर्यंत रस्ता हवा आहे. डोलीत घालून बाळंतीण खाली आणावी लागते, शाळेतली पोरं ओढ्याला पाणी आलं की दुसऱ्या काठावर अडकतात. माणसाला स्वतंत्र व्हायला मोकळा रस्ता लागतो, हे त्या सिनेमाचं म्हणणं मला पटतं, फक्त तो रस्ता कुणाकुणाला मिळाला हे विचारल्याखेरीज ते पुरं होत नाही. शिंग्रोबाच्या गोष्टीत आणि भाई कोतवालांच्या धान्यकोठीत तो प्रश्न विचारलेला आहे.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या, डोंगरउतारावरच्या रस्ता नसलेल्या प्रत्येक वाडीची यादी ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि पुढच्या पावसाळ्याआधी निदान रुग्णवाहिका जाईल एवढी वाट करून घ्यावी. दर शनिवारी घाटात गाड्या घेऊन येणाऱ्यांनीही चहाला थांबतात त्या गावात विचारावं की वरच्या वाडीला रस्ता आहे का, आणि नसेल तर तालुक्याच्या कचेरीत त्यासाठी एक अर्ज आपल्या नावाने द्यावा.